शिक्का वर्षाचा, मुक्काम नव्वद दिवसांचा

या महिन्याच्या टपालात परदेशातल्या लांब मुक्कामाबद्दल तीन पत्रं आली. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातल्याच नियमात मी स्वतः एकदा आपटले आहे, आणि तेही एकोणीस वर्षं लोकांचे व्हिसाचे अर्ज भरून दिल्यावर.

प्रश्न : मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. एकटीच प्रवास करते. येत्या मार्च ते ऑक्टोबर असे आठ महिने युरोपात, एकेका गावी महिनाभर राहून काढायचं मनात आहे. गेल्या तीन वर्षांत दोनदा शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा) जाऊन आले. व्हिसाचं काम करणारे गृहस्थ म्हणतात, "वर्षाचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा काढून देतो, मग खुशाल वर्षभर राहा." शिवाय एक मैत्रीण सांगते की, तीन महिने संपत आले की दोन दिवस बाहेर जाऊन यायचं, पुन्हा तीन महिने मिळतात. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, दोघांचंही ऐकू नका. आठ महिने मात्र जमतील.

आधी तुमच्या जुन्या पासपोर्टातला व्हिसा काढून समोर ठेवा. त्यावर तीन वेगवेगळ्या गोष्टी लिहिलेल्या दिसतील : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती वेळा आत जाता येईल, आणि मुक्कामाचे दिवस किती. लोक पहिली ओळ वाचतात आणि खूश होतात. राहायला किती मिळणार हे तिसरी ओळ सांगते, आणि वर्षाच्या, दोन वर्षांच्या, अगदी पाच वर्षांच्या व्हिसावरही तिथे ९० हाच आकडा असतो. रेल्वेचा पास वर्षाचा काढला म्हणून कोणी डब्यात बिऱ्हाड करत नाही.

नियम असा, की कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. यातला 'कोणत्याही' हा शब्द महत्त्वाचा. जानेवारी ते जून एक हिशेब आणि जुलैपासून दुसरा, असं काही नाही. तुम्ही तिथे असाल त्या प्रत्येक दिवशी, आजचा दिवस धरून मागचे १८० दिवस मोजायचे आणि त्यांत किती दिवस आत काढले ते पाहायचं. बेरीज ९०च्या वर गेली की तुम्ही नियमाबाहेर. मैत्रिणीची दोन दिवसांची युक्ती म्हणूनच चालत नाही. बाहेर गेल्याने घड्याळ थांबतं, शून्यावर येत नाही.

आता माझी फजिती. त्या उन्हाळ्यात मी १ जून ते २९ ऑगस्ट असे बरोबर ९० दिवस मोजले होते. विमान मात्र उतरलं ३१ मेच्या रात्री, आणि पासपोर्टवर शिक्का पडला तेव्हा बारा वाजायला वीसेक मिनिटं होती. वीस मिनिटांचा तो अख्खा दिवस धरतात. येण्याचा दिवसही पूर्ण आणि जाण्याचाही पूर्ण. परतताना खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने बोटावर महिने मोजले, मग आतून साहेबाला बोलावलं. मी ९१व्या दिवशी उभी होते. दंड झाला नाही, पण समज मिळाली आणि नोंद झाली. पुढच्या अर्जासोबत त्या एका दिवसाचं दीड पानी स्पष्टीकरण मला लिहावं लागलं. दुसऱ्यांना शंभरदा बजावलेली गोष्ट!

आता तर बोटावर मोजणारा माणूसही राहिला नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन येण्याजाण्याची संगणकात नोंद होऊ लागली आहे. दिवसांची बेरीज यंत्रच करतं, आणि पुसट शिक्क्याचा फायदा कोणाला मिळत नाही. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर दिवस मोजायचं एक गणकयंत्र फुकट आहे. तिकीट काढण्याआधी त्यात तारखा घालून बघा.

तुमच्या तारखाच घेऊ. १ मार्चला आत गेलात तर ९०वा दिवस २९ मेला येतो. त्या दिवशी बाहेर. मग ३० मे ते २७ ऑगस्ट असे नव्वद दिवस शेंगेनबाहेर काढायचे. २८ ऑगस्टला मार्चचा पहिला दिवस १८०च्या चौकटीतून गळतो, दुसऱ्या दिवशी दुसरा, आणि अशा रीतीने रोज एक जुना दिवस सुटून एक नवा मिळत राहतो. त्या हिशेबाने २५ नोव्हेंबरपर्यंत राहता येईल. तुम्हाला ऑक्टोबरअखेर परतायचं आहे, म्हणजे हाताशी पंचवीस दिवस उरतात. ते उरू द्या. पाय मुरगळतो, विमानं रद्द होतात. आत असताना मुदत वाढवून मागता येते, पण ती आजारपण किंवा तसंच गंभीर कारण असेल तर. 'गाव आवडलं' हे कारण चालत नाही.

मधले तीन महिने कुठे काढायचे? इथे जुन्या लेखांपासून सांभाळा. 'क्रोएशियात जाऊन बसा', 'रोमानिया स्वस्त आहे' हे सल्ले एके काळी बरोबर होते. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ला शेंगेनमध्ये आला. बल्गेरिया आणि रोमानिया आधी विमानतळ-बंदरांपुरते आणि मग १ जानेवारी २०२५पासून पूर्णपणे आले. आता एकूण २९ देश आहेत. आयर्लंड आणि सायप्रस युरोपीय संघात असूनही शेंगेनबाहेर आहेत, पण त्यांचे व्हिसा वेगळे.

तुम्हाला सोयीचं ब्रिटन. तिथल्या पर्यटक व्हिसावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. खर्च झेपत नसेल तर भारतीय पासपोर्टवर वैध शेंगेन व्हिसा असणाऱ्यांना जॉर्जिया १८० दिवसांत ९० दिवस येऊ देतो. आल्बेनियाही देतो, फक्त तो व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आणि आधी वापरलेला हवा. असल्या सवलती बदलत असतात, निघण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या परराष्ट्र खात्याचं पान स्वतः वाचा.

हे सगळं जमायचं तर शेंगेन व्हिसा दोन्ही फेऱ्या पोटात घेईल एवढ्या मुदतीचा हवा. मधल्या मुक्कामात दुसऱ्या देशातून नवा काढू म्हणाल तर तो अर्ज सहसा घेतच नाहीत. तो आपण कायम राहतो त्या देशातूनच करायचा असतो. यात तुमचं पारडं जड आहे. एप्रिल २०२४मध्ये युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल केले. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा मिळून ते नीट वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल एन्ट्री मिळू शकतो. तुम्ही नेमक्या त्यात बसता. पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक हवी, नाहीतर व्हिसाही आखूड होतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, आणि तो जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा.

आणखी एक वाट आहे, पण ती पर्यटकाची नाही. प्रत्येक देशाचा स्वतःचा, ९० दिवसांहून जास्त मुक्कामाचा राष्ट्रीय व्हिसा असतो. फ्रान्स स्वतःच्या पैशावर राहणाऱ्या पाहुण्यांना असा व्हिसा देतो. काम करणार नाही असं लिहून द्यायचं, राहण्याची सोय, उत्पन्न आणि विमा दाखवायचा. स्पेनचाही तसा प्रकार आहे, पण त्यात एका माणसाला महिन्याला २,४०० युरोचं उत्पन्न किंवा तेवढ्या बेताची शिल्लक दाखवावी लागते. या व्हिसावर त्या देशातले दिवस ९०मध्ये धरत नाहीत, शेजारच्या शेंगेन देशांना मात्र तोच ९०चा नियम. म्हणजे एकाच देशात ठाण मांडायचं असेल तर हा उत्तम. तुम्हाला महिन्याला गाव बदलायचंय, आणि मला तुमच्या पत्रावरून वाटतं की देशही बदलायचाय. मग कागदांचं एवढं ओझं कशाला? मी तुमच्या जागी असते तर दोन वर्षांचा शेंगेन आणि ब्रिटनचा व्हिसा, दोन्ही घरून निघण्याआधीच हातात घेतले असते. वाटेत अर्ज केला की पासपोर्ट अडकून पडतो.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको अमेरिकेत मुलीकडे आलो आहोत. व्हिसा दहा वर्षांचा आहे, पण विमानतळावर सहा महिनेच दिले. मुलीचं बाळंतपण लांबलंय, अजून तीन महिने थांबावं लागेल. जावई म्हणतात, दहा वर्षांचा व्हिसा आहे तर कशाला काळजी?

उत्तर : काळजी करा, आणि आजच करा. दहा वर्षं ही दारावर जाऊन उभं राहण्याची मुदत. आत किती राहायचं ते दारावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. ती अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक घालून लगेच दिसते. दोघांच्या तारखा वेगवेगळ्या तपासा. नवऱ्याची पाहिली म्हणजे बायकोचीही तीच, असं समजू नका.

त्या तारखेच्या आत आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज जायला हवा. निदान ४५ दिवस आधी करा असं तिथलं खातंच सांगतं. दोघांचा एकत्र करता येतो. थांबायचं कारण, खर्च कोण करणार, आणि परत जाणार हे कशावरून, ही तीन उत्तरं कागदांनिशी द्या. अर्ज वेळेत गेला असेल तर निर्णय येईपर्यंतचं राहणं बेकायदा धरत नाहीत. पावती जपा, पुढच्या खेपेला विमानतळावर तीच कामाला येते. नकार आला तर सामान बांधा, वाद घालू नका. अर्ज न करता तारीख ओलांडली तर तुमचा तो दहा वर्षांचा व्हिसा तिथेच रद्द होतो. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून निघालात तर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिलात तर दहा वर्षं.

एक गोष्ट पुढच्या वेळेसाठी. "कशाला आलात?" या प्रश्नावर आजी-आजोबा भाबडेपणाने "बाळ सांभाळायला" म्हणतात. आपल्याला ते प्रेम वाटतं, अधिकाऱ्याच्या कानाला 'काम' ऐकू येऊ शकतं. मुलीला भेटायला, नातवंड बघायला आलो, एवढंच सांगा. ते खरंही आहे.

(मुलगी कॅनडात असती तर मी पत्राचं उत्तर चार ओळींत दिलं असतं. तिथे नागरिक किंवा कायम रहिवासी मुलांच्या आईवडिलांसाठी सुपर व्हिसा आहे आणि एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं.)

प्रश्न : मी संगणकावर घरून काम करतो. पर्यटक व्हिसावर चार-सहा महिने परदेशात राहून इथलंच काम केलं तर कोणाला कळणार?

उत्तर : कळेल की नाही, हा प्रश्न मला विचारू नका. चालतं की नाही, ते सांगते. बहुतेक देशांत पर्यटक व्हिसावर काम चालत नाही, पगार कुठून येतो याने फरक पडेलच असं नाही. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२४पासून पाहुण्यांना आपलं परदेशातलं काम दूरस्थ करायची मोकळीक दिली, पण येण्याचं मुख्य कारण ते नसावं. थायलंडने २०२४मध्ये खास तुमच्यासारख्यांसाठी व्हिसा काढला : पाच वर्षांची मुदत, एका प्रवेशाला १८० दिवस, खात्यात पाच लाख थाई बात (तिथलं चलन) दाखवायचे. सहा महिन्यांच्या तुमच्या बेतात तो नेमका बसतो. ऑस्ट्रेलिया मनात असेल तर व्हिसाच्या पत्रात ८५०३ हा आकडा आहे का ते आधी शोधा. असला तर तिथे असताना पुढे राहण्यासाठी दुसरा व्हिसा सहसा मागता येत नाही. आणि कुठेही जा, साहेबांची लेखी परवानगी घेऊन जा. सहा महिने दुसऱ्या देशात राहिलात की तिथलं करखातं विचारपूस करू शकतं आणि ती तुमच्याबरोबर तुमच्या कंपनीलाही भोवते.