स्वस्त टीव्ही घेताना पैसे पॅनेलवर घाला

प्रश्न : ताई, आमचा जुना टीव्ही पार गेलाय, हॉलमध्ये नवीन घ्यायचाय. बजेट बेताचंच आहे. दुकानात गेलो तर डोकं गरगरायला लागलं, एकावर फोर-के लिहिलंय, दुसऱ्यावर क्यूएलईडी, तिसऱ्यावर एचडीआर, डॉल्बी, एआय आणि अजून काय काय. घरात सहा माणसं, त्यातली दोन वयस्कर. सोफा समोरच्या भिंतीपासून साधारण ८ फुटांवर आहे आणि बाजूला एक दिवाण आहे तिथून पण कोणीतरी बघतंच. ४३ इंची घेऊ का ५५? आणि नक्की बघायचं काय?

उत्तर : तुम्ही अंतर लिहून पाठवलंत हे फार छान केलंत, बहुतेक जण बजेट सांगतात पण बसायची जागा कुठे आहे ते सांगतच नाहीत, आणि साइझचा सगळा हिशोब तर तिथूनच सुरू होतो. आधी एक करा, सोफ्यावर नेहमीसारखं टेकून बसा आणि तुमच्या डोळ्यांपासून ते टीव्हीची काच जिथे येणार तिथपर्यंत टेपने मोजा. भिंतीपासून ८ फूट असेल तर टीव्ही टेबलवर ठेवल्यावर हे अंतर साडेसातच्या आसपास येईल. सोपा नियम असा की टीव्हीचे इंच गुणिले १.६, तेवढ्या इंचांवर बसलं की चित्र डोळ्यात छान भरतं आणि मानही फिरवावी लागत नाही. म्हणजे ५५ इंचीला ८८ इंच, सव्वासात फुटांच्या जरा वर. ५० इंचीला ८० इंच, म्हणजे पावणेसात फुटांच्या आत. आणि ४३ ला पावणेसहा फूट. तुमच्या हॉलला ५५ बसतो, ५० पण मजेत चालतो, ४३ घेतलात तर मॅचचा स्कोअर आणि सबटायटल वाचायला वयस्कर माणसांना पुढे सरकावं लागेल.

एवढ्यावर लगेच ५५ फायनल करू नका हं. इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची तिरकी मापं, रुंदी नाही. ५५ इंचीची स्क्रीन साधारण १२२ सेंटीमीटर रुंद आणि ६८-६९ सेंटीमीटर उंच असते, ५० इंचीची १११ बाय ६२. घरातली जुनी वर्तमानपत्रं जोडून या दोन मापांचे कागद भिंतीवर चिकटवा आणि दोन-तीन दिवस तसेच राहू द्या, घरातल्या सगळ्यांना येता-जाता बघू द्या. दरवाजा उघडताना अडतो का, टीव्हीच्या पायांना टेबल पुरतं का (हल्ली टीव्हीचे पाय दोन टोकांना असतात, टेबल अरुंद असेल तर बसतच नाही), हे सगळं त्या कागदावरूनच कळतं.

आता फोर-के. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, साधारण २० लाख ठिपके, आणि फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०, साधारण ८३ लाख. ऐकायला चौपट वाटतं आणि आहेच चौपट, पण डोळ्याला ते वेगळं दिसायला जवळ बसावं लागतं. ५५ इंची टीव्हीवर चांगल्या नजरेच्या माणसाला फुल एचडीचे ठिपके सात फुटांच्या आतच वेगळे जाणवायला लागतात, ४३ वर तर साडेपाच फुटांच्या आत. म्हणजे तुमच्या सोफ्यावरून दोन्हीत फारसा फरक दिसणारच नाही. मोठ्या साइझमध्ये आता बहुतेक सगळे फोर-केच येतात, तेव्हा येतंय तर येऊ दे, पण त्या एका शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. आणि घरी मुख्यतः सेट टॉप बॉक्सवर साधे एसडी चॅनेल बघत असाल तर हे अजून महत्त्वाचं, कारण त्या चित्रात जेमतेम ५७६ ओळी असतात आणि टीव्हीला त्या ताणून २१६० करायच्या असतात. स्वस्त टीव्ही हे काम फार वाईट करतात, चेहरे मेणाचे दिसतात. दुकानात कायम तो चकाचक फुलांचा आणि समुद्राचा डेमो लावलेला असतो, तो बंद करायला सांगा आणि एक साधा चॅनेल लावायला सांगा, लगेच समजतं.

माझं ठाम मत विचाराल तर बेताच्या बजेटमध्ये पैसे पॅनेलवर, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या पडद्यावर घाला. स्मार्टपणा नंतर बाहेरून लावता येतो, आवाज बाहेरून सुधारता येतो, पण पॅनेल एकदा घरी आलं की जसं आहे तसं, त्याचं काही करता येत नाही. या रेंजमधले जवळजवळ सगळे टीव्ही एलसीडीच असतात, एलईडी म्हणजे फक्त मागचा लाइट एलईडीचा. क्यूएलईडी पण एलसीडीच आहे, त्यात मागच्या लाइटसमोर क्वांटम डॉटचा एक थर असतो त्यामुळे लाल-हिरवा रंग जास्त शुद्ध येतो, बरंच आहे ते, पण नाव ओएलईडीसारखं वाटतं म्हणून तेच समजून घेऊ नका. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो म्हणून काळा खरोखर काळा दिसतो, किंमत त्याप्रमाणे वरच्या पायरीवर, आत्ता तो विषय सोडून द्या.

एलसीडीत मुख्य दोन जाती, व्हीए आणि आयपीएस. व्हीएचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळ्या भागातला फरक, साधारण ३००० ला १ किंवा त्याहून जास्त असतो, आयपीएसचा १००० ला १ च्या आसपास. म्हणजे रात्री लाइट घालवून पिक्चर बघायला बसलात तर व्हीएवर अंधार अंधारासारखा दिसतो, आयपीएसवर तोच राखाडी धुरकट दिसतो. पण बाजूने बघितलं की उलटं होतं, व्हीएचे रंग उडतात, आयपीएसचे टिकतात. तुमच्याकडे बाजूला दिवाण आहे त्यामुळे हा प्रश्न तुम्हाला खरंच सोडवावा लागणार. त्या दिवाणावर रोज कोण बसतं, किती वेळ बसतं, ते आधी ठरवा. तिथे वयस्कर माणसं तासन्‌तास बघत असतील तर मी आयपीएसकडे झुकेन, कोणी कधीतरीच बसत असेल तर डोळे मिटून व्हीए घ्या.

बॉक्सवर हे बहुतेक लिहिलेलं नसतं, आणि एकाच सिरीजमध्ये ५० ला एक पॅनेल आणि ५५ ला दुसरं असंही होतं, म्हणून स्वतः तपासायचं. जाताना एक पेन ड्राइव्ह न्या, त्यात चार गोष्टी टाका : एखादा रात्रीचा अंधारा सीन, नुसत्या राखाडी रंगाचा एक फोटो, खाली बातम्यांची पट्टी सरकते तसा एखादा व्हिडिओ, आणि घरातल्या कोणाचातरी चेहऱ्याचा फोटो. रिमोट हातात मागून घ्या आणि पिक्चर मोड व्हिविड असेल तो मूव्ही किंवा स्टँडर्ड करा, दुकानातल्या ढणढणीत लाइटमध्ये उठून दिसावं म्हणून सगळे टीव्ही व्हिविडवरच ठेवलेले असतात. मग राखाडी फोटो लावून बघा, कुठे ढगासारखे काळपट डाग किंवा उभे पट्टे दिसतात का, हे डाग मॅच बघताना कॅमेरा मैदानावरून फिरला की हमखास दिसतात आणि एकदा दिसले की डोळ्यातून जात नाहीत. अंधाऱ्या सीनमध्ये कोपऱ्यातून उजेड फुटतोय का बघा. आता समोरून हळूहळू बाजूला सरका, तुमच्या दिवाणाएवढ्या कोनात, आणि चेहऱ्याचा रंग कुठे फिका पडायला लागतो ते बघा. सेल्समन कंटाळला तरी चालेल, टीव्ही वर्षानुवर्षं तुम्ही बघणार आहात.

एचडीआर म्हणजे एकाच चित्रात खूप उजळ आणि खूप अंधारे भाग दोन्ही नीट दिसणं. त्याबद्दल एवढंच की बेताच्या टीव्हीवर तो शिक्का म्हणजे टीव्हीला एचडीआरचा सिग्नल घेता येतो, दाखवता येतो असं नाही. तो कंटेंट साधारण १००० निट (उजेड मोजायचं एकक) किंवा जास्त उजेडाच्या हिशोबाने तयार केलेला असतो आणि स्वस्त टीव्हीचा उजेड २५०-३०० निटच्या घरात असतो, मग काय होणार, कधीकधी चित्र उलट काळपट दिसतं. स्पेसिफिकेशनमध्ये निट दिले असतील तर ते बघा, आणि लोकल डिमिंग (चित्राच्या अंधाऱ्या भागामागचा लाइट तेवढाच मंद करणं) असेल तर तो मात्र खरा फायदा, त्यासाठी थोडे जास्त गेले तरी जाऊ द्या. हॉलमध्ये समोरच खिडकी असेल तर जास्त निट आणि कमी चकाकणारी काच याला बाकी सगळ्यापेक्षा वरचा मान. हर्ट्झचे मोठमोठे आकडे, मोशन रेट अमुक-तमुक, ते बघूच नका, पॅनेलचा खरा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र ताजं होतं ते विचारा, या रेंजमध्ये तो ५० किंवा ६० असतो आणि तेवढा पुरतो.

एचडीएमआय तीन तरी हवेत, सेट टॉप बॉक्स आणि साउंडबार एवढ्यात दोन संपतातच, अजून एक काहीतरी असतंच, आणि त्यातल्या एकावर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं असू दे, त्यातून टीव्हीचा आवाज साउंडबारला जातो. ब्लूटूथ पण बघून घ्या, वयस्कर माणसांना कमी ऐकू येत असेल तर हेडफोन लावून त्यांना हवा तेवढा आवाज ठेवता येतो आणि बाकीच्यांची झोपमोड होत नाही. पण एक विचारून घ्या, हेडफोन लावल्यावर टीव्हीचा आवाज चालू राहतो का, बऱ्याच टीव्हीत तो बंदच होतो.

प्रश्न : नवीन टीव्ही आणला, दुकानात मस्त दिसत होता, घरी चेहरे निळसर दिसतात आणि पिक्चर लावला की तो मोबाइलवर घरगुती शूटिंग केल्यासारखा दिसतो. टीव्ही खराब आलाय का? बदलून मागू का?

उत्तर : बदलायची घाई करू नका, बहुतेक करून हे सेटिंग आहे. पहिल्यांदा चालू करताना तो होम का स्टोअर विचारतो, तिथे चुकून स्टोअर झालं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन होम करा. मग पिक्चर मोडमध्ये मूव्ही, सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा. पहिले दोन दिवस चित्र पिवळं आणि मंद वाटेल, डोळ्याला निळ्याची सवय झालेली असते म्हणून, दोन दिवस धीर धरा मग जुनं सेटिंग परत लावून बघा, तुम्हालाच बघवणार नाही.

ते शूटिंगसारखं दिसण्याचं कारण वेगळं. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमने शूट होतात आणि टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच बनवून घुसडतो, त्यामुळे सगळं गुळगुळीत सरकायला लागतं आणि पिक्चरचा पिक्चरपणाच जातो. प्रत्येक कंपनीने याला वेगळं नाव दिलंय, मोशन, स्मूथ, क्लॅरिटी असं काहीतरी दिसेल ते बंद करा. शार्पनेस पण खाली आणा, शंभरपैकी पन्नास असेल तर दहा-पंधरावर न्या, अक्षरांच्या कडेला पांढरी रेघ दिसायची थांबली की बास. आणि दिवसा चित्र आपोआप अंधुक-उजळ होत असेल तर इको किंवा लाइट सेन्सरचा ऑप्शन शोधून बंद करा. हे सगळं करूनही एका बाजूला डाग किंवा मेलेला ठिपका राहिलाच तर मात्र लगेच फोटो काढून तक्रार करा, रिप्लेसमेंटची मुदत फार थोडी असते, आणि तोवर खोका-थर्माकोल फेकू नका.

प्रश्न : दादांनी टीव्ही भिंतीवर बराच वर लावलाय, खाली लहान मूल आहे म्हणून. माझी मान दुखते. किती उंचीवर असावा?

उत्तर : सोफ्यावर बसल्यावर तुमचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर येतात, स्क्रीनचा मधला भाग तिथेच किंवा किंचित खाली असावा. मुलाची काळजी बरोबरच आहे, पण त्यासाठी टीव्ही छताला न्यायची गरज नाही, भिंतीला पक्का बसवलेला टीव्ही मूल ओढू शकत नाही, धोका असतो तो नुसता टेबलवर उभा ठेवलेल्याचा. वरच ठेवायचा असेल तर निदान खाली झुकणारा ब्रॅकेट लावून घ्या. ब्रॅकेट घेताना टीव्हीच्या मागच्या चार भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, २०० बाय २०० वगैरे, त्याला वेसा म्हणतात, आणि स्क्रू टीव्हीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्याच लांबीचे वापरा, लांब स्क्रू आत पॅनेलला लागतो.

प्रश्न : आमचा स्मार्ट टीव्ही तीन-चार वर्षांतच रखडायला लागलाय, ॲप उघडायला मिनिट लागतं, काही ॲप तर अपडेट मागून बंदच पडतात. चित्र अजून छान आहे. नवीन घ्यावा का?

उत्तर : चित्र छान आहे ना, मग अजिबात घेऊ नका! टीव्हीतला प्रोसेसर आणि रॅम कमी पडतेय, एवढंच. आधी नको असलेली ॲप काढून टाका, स्टोरेज भरलेलं असेल तर टीव्ही नुसता लटकतो, मग एकदा फॅक्टरी रिसेट करून बघा. तरीही नाहीच जमलं तर एचडीएमआयला लावायची स्ट्रीमिंग स्टिक घ्या, नव्या टीव्हीच्या मानाने खर्च काहीच नाही. स्टिक सर्टिफाइड असल्याची खात्री करा, अनोळखी नावाच्या बॉक्सवर बऱ्याचदा वाइडवाइन एल१ (ॲपला एचडी चित्र दाखवू देणारी सुरक्षा) नसतं आणि मग पैसे भरून घेतलेलं ॲप सुद्धा एसडीतच चालतं. पॉवरसाठी टीव्हीच्या यूएसबीत खुपसू नका, तिथला करंट बऱ्याचदा पुरत नाही आणि स्टिक आपोआप रिस्टार्ट होत राहते, सोबत आलेला अडॅप्टर प्लगला लावा. आणि राउटर त्याच खोलीत असेल तर वायफाय ५ गिगाहर्ट्झवर जोडा, मध्ये दोन भिंती असतील तर २.४ वरच ठेवा.