पान विकीत, फाइल शेअरपॉइंटमध्ये: शोधायचे कुठे?

प्रश्न: आमच्या पुण्यातील कंपनीत अभियंत्यांचा गट कॉन्फ्लुअन्स या विकीवर लिहितो, तर गुणवत्ता, खरेदी आणि मनुष्यबळ हे विभाग आपली कागदपत्रे शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्या फाइली ठेवण्याच्या प्रणालीत ठेवतात. गेल्या महिन्यात एकाच चाचणीपद्धतीच्या तीन प्रती सापडल्या आणि ग्राहकाच्या तपासणीत नेमकी जुनी प्रत पुढे ठेवली गेली. ही दोन ठिकाणे जोडता येतात का, की एक बंद करावे?
– गुणवत्ता विभागातील एक वाचक

उत्तर: जोडता येतात, पण जोडण्यापूर्वी कोणत्या मजकुराची मूळ प्रत कोठे राहणार, हे ठरवावे लागेल. ते न ठरवता दोन्हींवर मिळून एक शोधपेटी बसवली, तर आज दोन ठिकाणी दिसणाऱ्या तीन प्रती उद्या एकाच यादीत एकाखाली एक दिसतील, आणि त्यांतली खरी कोणती हा प्रश्न जिथल्या तिथेच राहील.

एक ठिकाण बंद करण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली, तेव्हा होनोलुलूच्या विमानतळावरील ‘विकी विकी’ या बसचे नाव तिला दिले. हवाईयन भाषेत त्याचा अर्थ ‘झटपट’. वाचता वाचता चूक दिसली की तिथेच दुरुस्त करायची, ही विकीची मूळ कल्पना आहे. शेअरपॉइंटचा ओढा फाइलकडे: तिला मालक असतो, मंजुरी असते, आवृत्तीचा क्रमांक असतो. त्यामुळे रोज बदलणारे, अनेकांच्या हातून घडणारे लेखन, म्हणजे बैठकीची टिपणे, बिघाडाचा शोध कसा घ्यावा याची माहिती किंवा एखाद्या निर्णयामागची कारणे, विकीत शोभते. सहीनिशी मंजूर होणारी चाचणीपद्धती, करारपत्रे आणि दरपत्रके शेअरपॉइंटमध्ये असावीत. आपल्या चाचणीपद्धतीचे मूळ घर, माझ्या मते, शेअरपॉइंटच आहे.

मग विकीच्या पानावर तिचे काय करायचे? इथेच बहुतेक गट घसरतात. फाइल उतरवून घेऊन ती पानाला जोडणे सोपे वाटते, पण पानाला जोडलेली फाइल ही स्वतंत्र प्रत होते; मूळ फाइल बदलली तरी तिला त्याचा पत्ता नसतो. त्याऐवजी पानावर फाइलची लिंक द्यावी, किंवा लिंकद्वारे फाइल पानातच दिसेल अशी सोय वापरावी. मराठी विकिपीडिया वाचणाऱ्यांनी हे नकळत रोज पाहिलेले असते: लेखातील बरीचशी चित्रे त्या लेखात साठवलेली नसतात, तर विकिमीडिया कॉमन्स या सामायिक भांडारात एकदाच ठेवलेली असतात आणि अनेक भाषांतील लेख तीच एक प्रत दाखवतात. तिथे चित्र वगळले गेले की लेखातही त्याची जागा रिकामी होते. मूळ एकच ठेवल्याची ही किंमत आहे, आणि ती मोजण्यासारखी आहे, कारण रिकामी जागा डोळ्यांत भरते. जुनी प्रत मात्र गुपचूप बसून राहते.

लिंक तुटण्याची भीती रास्त आहे. क्लाउडवरील कॉन्फ्लुअन्सच्या पानाच्या पत्त्यात पानाचा क्रमांक असतो, त्यामुळे शीर्षक बदलले तरी लिंक चालते. शेअरपॉइंटमध्ये प्रत्येक दस्तऐवजाला कायमचा क्रमांक देण्याची सोय प्रशासकाला सुरू करता येते. महत्त्वाच्या फाइली फोल्डर बदलत राहणार असतील, तर ती करून घ्यावी. फाइलच्या नावात ‘अंतिम’, ‘नवे अंतिम’ असे शब्द घालण्याची आपली जुनी सवय मात्र कोणताही प्रशासक बंद करू शकत नाही. आवृत्त्यांचा इतिहास शेअरपॉइंट स्वतः ठेवते, तेव्हा नाव एकच असू द्यावे.

एक सावधगिरी जुन्या माहितीबद्दल. अ‍ॅटलासियन या कॉन्फ्लुअन्स बनवणाऱ्या कंपनीने ते शेअरपॉइंटला जोडणारा कनेक्टर २००७ मध्ये जाहीर केला होता, आणि त्यावरचे जुने लेख अजून वाचायला मिळतात. ते वापरणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या जोडणीविषयी आहेत. कॉन्फ्लुअन्स सर्व्हरचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ रोजी संपला. क्लाउडवर असलेल्यांनी त्या पायऱ्या गिरवू नयेत.

प्रश्न: आमच्याकडे मायक्रोसॉफ्टच्या शोधातूनच कॉन्फ्लुअन्सची पानेही सापडावीत, असा प्रस्ताव आहे. मनुष्यबळ विभागाची पाने त्यामुळे सर्वांना दिसू लागतील का?
– प्रणाली प्रशासक असलेल्या एक वाचक

उत्तर: नीट बसवले तर दिसणार नाहीत, पण ‘नीट’ या शब्दात बरेच काही येते. एकत्रित शोधाचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात आपण शब्द टाकला की तो त्याच क्षणी दोन्ही ठिकाणी विचारला जातो आणि उत्तरे शेजारी मांडली जातात. अशा वेळी प्रत्येक ठिकाण आपापल्या परवानग्या स्वतः पाळते, पण दोन याद्यांचा एकमेकींशी मेळ लागत नाही. दुसऱ्यात कनेक्टर कॉन्फ्लुअन्सची पाने आधीच वाचून त्यांची सूची मायक्रोसॉफ्टकडे तयार ठेवतो. निकाल एकजीव येतात, मात्र मजकुराबरोबर कोणाला काय पाहता येते हेही त्या सूचीत आणावे लागते.

आपल्या प्रस्तावातला मार्ग दुसरा आहे. तो बसवताना निकाल ‘सर्वांना’ दाखवायचे की मूळ ठिकाणी प्रवेश असलेल्यांनाच, असा पर्याय समोर येतो. पहिला निवडला, तर पान उघडताना कॉन्फ्लुअन्स अडवेल हे खरे. पण शीर्षक आणि मजकुराचे दोन-चार शब्द निकालातच वाचले जातील, आणि ‘वेतनकपात: मसुदा’ असे शीर्षक वाचायला पान उघडावे लागत नाही. म्हणून दुसराच पर्याय घ्यावा. त्यात कॉन्फ्लुअन्समधील व्यक्ती आणि कंपनीच्या खात्यातील व्यक्ती एकच आहे, हे सहसा ईमेलच्या पत्त्यावरून जुळवले जाते. कोणी विकीत खासगी किंवा जुन्या पत्त्याने नोंद केली असेल, तर त्याला हक्काची पानेही सापडणार नाहीत. ‘शोध चालत नाही’ अशी तक्रार आली की आधी हे पत्ते पाहावेत.

ही सूची ठरावीक फेऱ्यांनी ताजी होते. आज एखाद्या पानावर बंधन घातले, तरी पुढची फेरी होईपर्यंत ते जुन्या परवानगीने निकालात डोकावू शकते. संवेदनशील दालने, म्हणजे कॉन्फ्लुअन्समधील विभागवार पानांचे गट, सूचीतून पूर्ण वगळावीत. मनुष्यबळ विभागाचे दालन मी तरी पहिल्या दिवशी घेणार नाही. चाचणीसाठी एक प्रशासक, एक साधा कर्मचारी आणि एक कंत्राटी कर्मचारी अशा तीन खात्यांतून तेच दहा शब्द शोधून निकाल ताडून पाहावेत, कारण प्रशासकाच्या खात्यातून सगळे ठीकच दिसते.

लिंकबाबतही हीच गल्लत होते. विकीचे पान पाहता येते म्हणून त्यातील शेअरपॉइंटची फाइल आपोआप उघडत नाही. वाचकाला त्या फाइलची परवानगी वेगळी लागते. उघडत नाही म्हणून घाईने ‘लिंक असलेल्या कोणालाही’ असा पर्याय दिला जातो, आणि ती लिंक कंपनीबाहेर गेली की फाइलही जाते. आधीपासून प्रवेश असलेल्यांसाठीची लिंक द्यावी आणि प्रवेश हवा असलेल्यांना गटात घ्यावे.

प्रश्न: आमच्या संस्थेची परिपत्रके मराठीत आहेत. नाव माहीत असूनही शोधात ती येत नाहीत. दोष कोणाचा?
– शिक्षणसंस्थेतील एक वाचक

उत्तर: बहुधा मजकुराचाच. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणारी प्रमाण पद्धत, येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेले परिपत्रक डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी त्यात रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात. ते युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय सापडणार नाही. स्कॅन केलेली पीडीएफ हे तर चित्रच असते. तिच्यातील अक्षरे ओळखून घ्यावीत, आणि ते होईपर्यंत विषय, वर्ष व जावक क्रमांक फाइलच्या नावात व रकान्यांत युनिकोडमध्ये भरावेत.

युनिकोड असूनही अडते ते प्रत्ययांमुळे. ‘मार्गदर्शिका’ शोधली तर ‘मार्गदर्शिकेत’ सापडेलच असे नाही. शेअरपॉइंटच्या शोधात शब्दाचा आरंभ लिहून पुढे तारांकन देता येते, म्हणून ‘मार्गदर्शिक*’ असे शोधून पाहावे. तारांकन शब्दाच्या सुरुवातीला मात्र चालत नाही. आणखी एक खोच ‘ऱ्या’मध्ये आहे: हे जोडाक्षर दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकता येते, दिसते सारखेच, पण आतील संकेत वेगळे असल्याने शोधाची गाठ पडेलच याची खात्री नाही. ‘कर्मचाऱ्यांसाठी’ असे पूर्ण लिहिण्यापेक्षा ‘कर्मचा*’ एवढ्यावर थांबावे. ‘कर्मचारी’ही त्यातच येतो.