आई-वडील गेलेल्या, एचआयव्ही असलेल्या ९ वर्षांच्या भाचीला मुंबईत निवासी संस्थेत ठेवायचं असेल तर काय करावं?

आधी बालकल्याण समितीकडे जा. मुंबईत डोंगरी आणि मानखुर्दला त्यांचं काम चालतं. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे मुलाला बालगृहात ठेवायचा आदेश हीच समिती देते, म्हणून कुणी परस्पर ‘आणून सोडा’ म्हणालं तर सोडू नका. रस्ता सापडला नाही तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

पण त्याआधी एक विचारते, राग मानू नका. घरात ठेवणं खरंच अशक्य आहे का? एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने हा विषाणू पसरत नाही. केईएम, सायन, नायर, जे.जे. या रुग्णालयांतल्या एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रांत, औषध मोफत मिळतं. ते रोज वेळेवर घेतलं तर मूल शाळा, खेळ, सगळं करतं. अडचण पैशांची असेल तर समितीकडेच बालसंगोपन योजनेचं विचारा, त्यात नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांसाठी दरमहा अनुदान आहे.

संस्थाच लागणार असेल, तर गोळ्या रोज कोण देतं आणि केंद्रात तपासणीला कोण नेतं, हे स्वतः जाऊन बघा. शाळेला आजार सांगायची सक्ती नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने शाळेतला भेदभाव बेकायदा आहे. आणि तिला भेटायला जात राहा.