कादंबरीतल्या आईचा इतका राग का आला?

"एक कादंबरी वाचल्यापासून मला झोप लागत नाही, माझे काही बिघडले आहे का?" असे विचारत चाळिशीतल्या एक बाई माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्या कादंबरीतली आई घटकाभर घरात जाते, तेवढ्यात अंगणात खेळणारे तिचे मूल दगावते, आणि पुढे नातलग व शेजारी तिचा न्यायनिवाडा करत राहतात. बाईंना वाईट वाटण्याऐवजी संताप आला होता. "ती आत गेलीच कशाला?" हे वाक्य त्यांनी तासाभरात चार वेळा उच्चारले.

चौथ्या वेळी मी विचारले, "असा प्रश्न तुम्हाला कोणी विचारला होता का?" बराच वेळ त्या गप्प होत्या. मग अकरा वर्षांपूर्वी तिसऱ्या महिन्यात झालेल्या गर्भपाताविषयी त्या बोलू लागल्या. आदल्या दिवशी त्या पिशवी घेऊन जिना चढल्या होत्या आणि घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारले होते, "चढलीसच कशाला?"

पहिल्या तीन महिन्यांतील सुमारे निम्म्या गर्भपातांमागे गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष असतो आणि जिना चढल्याने गर्भपात होत नाही, हे डॉक्टरांनी त्यांना तेव्हाच समजावले होते. ते पाठ होते, उपयोग मात्र झाला नव्हता. शेवट कळल्यावर तो आधीच दिसायला हवा होता असे माणसाला वाटू लागते, हे मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगांतून दाखवले. मूल जाणार हे कादंबरीच्या वाचकाला मलपृष्ठावरूनच ठाऊक असते, आईला नसते. आणि बाई स्वतःचा तो दिवस अकरा वर्षे अशा वाचकाच्या जागेवरून वाचत होत्या. शिवाय हा शोक त्यांना उघडपणे करताच आला नव्हता. अशा अमान्य शोकावर, म्हणजे भोवतालचे लोक शोक म्हणून मानतच नाहीत अशा दुःखावर, शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांचे पुस्तक १९८९ मध्ये आले. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक स्त्रियांना मात्र आपल्या दुःखाला शोक म्हणावे हेदेखील सुचलेले नसते.

त्यामुळे आजाराचे नाव देण्याची घाई मी केली नाही. तो दिवस सकाळपासून लिहून काढावा, मात्र त्या त्या क्षणी जे ठाऊक होते तेवढेच लिहावे, एवढे मी सुचवले. पुढच्या भेटीत त्यांनी दीड पान आणले. जिन्याच्या ओळीपाशी त्यांनी लिहिले होते, "पिशवीत लोकर होती. मला विणायला घ्यायचे होते." ती लोकर त्यांना अकरा वर्षांत आठवली नव्हती.