बायबलमधला मीखा संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, पुढाऱ्यांवर लोकांचं मांस खाण्याचा आरोप का करतो? आणि एवढं बोलून त्याला शिक्षा झाली नाही का?

नाही, यहूदाचे, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या त्याच्या राज्याचे, पुढारी खरोखर माणसं खात होते असं त्याला म्हणायचं नाही. कातडी सोलणं, हाडं मोडणं, कढईत टाकायला मांसाचे तुकडे करणं हे सगळं त्याच्या नावाच्या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला आहे. पण त्याच्या लगेच आधी तो विचारतो, 'न्याय कशाला म्हणतात हे तुम्हाला ठाऊक असायला नको का?' म्हणजे बोलणं दरोडेखोरांशी नाही, निवाडा करणाऱ्यांशी चाललंय.

ते नेमकं काय खात होते, ते दुसऱ्या अध्यायात सापडतं. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या बेत रचायचा आणि उजाडलं की दुसऱ्याचं शेत, घर बळकवायचं, कारण सत्ता हातात आहे. तिथं वाडवडिलांची जमीन गेली की माणूस कर्जात आणि पुढे गुलामीत जायचा. दाद मागायची तर वेशीत बसलेल्या वडीलधाऱ्यांकडे, आणि तेच लाच खाणारे. कागदोपत्री सगळं रीतसर! म्हणून मला ती कढई अतिशयोक्ती वाटत नाही. निवाड्याआड झाकलेलं रक्त तो उघड्यावर आणतो.

मीखा मोरेशेथचा, यरुशलेमच्या नैऋत्येकडच्या सखल टेकड्यांतला. काळ इ.स.पू. आठव्या शतकाचा उत्तरार्ध. शोमरोन, म्हणजे उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी, इ.स.पू. 722च्या सुमारास पडलं. 701मध्ये अश्शूर साम्राज्याचा राजा सन्हेरीब यानं मोरेशेथजवळचंच लाखीश शहर घेतलं. राजधानी यरुशलेम मात्र वाढत होती, आणि मीखा म्हणतो, ती तुम्ही रक्तपातानं बांधताय. धर्मवाल्यांनाही तो सोडत नाही. याजक, म्हणजे मंदिरातले पुरोहित, मोल घेऊन शिकवतात. संदेष्टे तर त्याहून भारी: दाताखाली काही पडलं की 'शांती', नाही पडलं तर त्या माणसाविरुद्ध थेट युद्ध!

आता शिक्षेचं. सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखं नांगरलं जाईल, असं तो जाहीरपणे बोलला, तरी यहूदाच्या हिज्कीया राजानं त्याला मारलं नाही. हे आपल्याला यिर्मया या नंतरच्या संदेष्ट्याच्या पुस्तकातून, 26व्या अध्यायातून कळतं. सुमारे शंभर वर्षांनी मंदिराविरुद्ध बोलल्याबद्दल यिर्मयाला ठार करा म्हणून ओरडा झाला, तेव्हा काही वडीलधाऱ्यांनी मीखाचं हेच वाक्य दाखला म्हणून पुढे केलं. यिर्मया वाचला, त्यात अहीकाम नावाच्या वजनदार माणसाचा पाठिंबाही होता. त्याच अध्यायात उरिया नावाचा आणखी एक संदेष्टा आहे. तोही असंच बोलला होता. तो मिसरात (इजिप्तमध्ये) पळाला, तर तेव्हाच्या यहोयाकीम राजानं माणसं पाठवून त्याला धरून आणलं आणि तलवारीनं मारलं.