एकशे वीस दिवस कुठून मोजायचे?

अनुदानित माध्यमिक शाळेच्या एका मुख्याध्यापिकांचे पत्र आहे. तास बुडवणे, वर्गात न शिकवता त्याच मुलांना खासगी क्लासला बोलावणे, या आरोपांवरून एका शिक्षकाला १६ जूनला निलंबित केले. चौकशी समितीची पहिली बैठक १० सप्टेंबरला झाली. आता नोव्हेंबरात ते गृहस्थ रोज येऊन मस्टर मागतात. मस्टर कपाटात कुलूपबंद आहे आणि संस्थेचे सचिव म्हणतात, गेटवरच अडवा. ‘समितीला जानेवारीपर्यंत वेळ आहे ना?’ असे बाई विचारतात.

नाही, मॅडम. वेळ ऑक्टोबरच्या मध्यावरच संपली.

तुम्ही पहिल्या बैठकीपासून मोजता आहात. महाराष्ट्र खाजगी शाळा कर्मचारी नियमावली, १९८१ मधला नियम ३७ म्हणतो: समितीची पहिली बैठक किंवा निलंबन, यांतली जी तारीख आधीची असेल तिथून १२० दिवस. मुदतवाढ हवी तर शिक्षण उपसंचालकांची पूर्वपरवानगी लागते. तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही, म्हणजे ती घेतलेली नसावी. मुदत संपली की निलंबन आपोआप संपते आणि कर्मचारी कामावर रुजू झाला असे मानले जाते. त्यासाठी संस्थेचा वेगळा ठराव लागत नाही.

तेव्हा उद्याच मस्टर बाहेर काढा, सही करू द्या आणि वेळापत्रकात तास द्या. कोणते तास, हे तुम्ही ठरवा. चौकशी यामुळे बंद पडत नाही, तीच समिती पुढे चालू राहते. त्या शिक्षकाला अडवत राहिलात तर ‘मला तोंडी काढून टाकले’ म्हणून ते शाळा न्यायाधिकरणात जातील. तिथे प्रकरण किती वर्षे रेंगाळते ते तुम्हालाही ठाऊक असेल. तोवर मागील पगाराचा आकडा संस्थेच्या नावावर फुगत राहील.

जून ते सप्टेंबर समिती काय करत होती? एक सदस्य संस्थेचा, एक शिक्षकाने सुचवलेला, एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षक. ही तीन नावे जुळवायला तीन महिने लागत नाहीत. शिक्षकाने १५ दिवसांत नाव दिले नाही तर दोघांची समिती चालते. पण ‘नाव द्या’ हे पत्र रजिस्टर्ड पोस्टाने गेले होते का? तुम्ही ‘वारंवार तोंडी समज दिली’ असे लिहिता. तोंडी समज फायलीला लावता येत नाही. बुडालेल्या तासांच्या नोंदी आणि मेमोंच्या पोचपावत्या नसतील तर आरोप टिकतील का, हे कागद पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.

निलंबनकाळात पगाराऐवजी मिळणाऱ्या निर्वाह भत्त्याचेही तसेच. निलंबनाला शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वमान्यता होती की नाही, यावर पहिल्या चार महिन्यांचा भार शासनावर की संस्थेवर, हे ठरेल. मान्यतेचे पत्र शोधा.

आणि सचिवांकडे ‘गेटवर अडवा’ हा आदेश लेखी मागा. ते देणार नाहीत.