सौरऊर्जेचे शेअर आणि मुलीची शाखा

नेरूळहून एका वडिलांचे पत्र आले आहे. मुलीला एमएचटी-सीईटीत ९४ पर्सेंटाइल मिळाले असून तिला अर्थशास्त्र शिकायचे आहे. तिने अक्षय ऊर्जेतील अभियांत्रिकीच करावी, असा वडिलांचा आग्रह आहे. ‘पुढचा काळ सौरऊर्जेचाच’ या खात्रीने त्यांनी तिच्या शिक्षणासाठी साठवलेली बरीचशी रक्कमही सौर आणि पवनऊर्जा कंपन्यांच्या शेअरमध्ये घातली आहे. आता कोणते महाविद्यालय चांगले, एवढेच त्यांना विचारायचे आहे.

महाविद्यालयाकडे मी शेवटी येते. आपल्या दोन पानी पत्रात मुलीची इच्छा एकाच वाक्यात आली आहे, तीही ‘खूळ’ म्हणून. २६ जुलै २००५ च्या पुरात आपण रात्रभर अडकलात आणि तेव्हापासून तापमानवाढीची धास्ती मनात बसली, असे आपण लिहिता. ती धास्ती मी हसण्यावारी नेणार नाही. विजेकडे, इंधनाकडे आणि गुंतवणुकीकडे पाहण्याची पुष्कळांची नजर अशाच अनुभवांनी बदलली आहे. परंतु आपल्या धास्तीवर उतारा म्हणून मुलीची चार वर्षे आणि तिचेच पैसे एकाच डावावर लावणे, याला मी पर्यावरणप्रेम म्हणणार नाही. हा दबावच आहे, आणि त्याला उदात्त कारण जोडले गेल्यामुळे तिला ‘नाही’ म्हणणे अधिकच अवघड होऊन बसले आहे.

एक गैरसमज मात्र सविस्तर दूर करायला हवा. क्षेत्र वाढले की त्यातील कंपन्यांचे शेअर वाढतात आणि त्या शाखेच्या पदवीधरांना आपोआप नोकऱ्या मिळतात, असे आपण गृहीत धरले आहे. २००८ मध्ये भारताची पवनऊर्जेची स्थापित क्षमता सुमारे ९,००० मेगावॉट होती, ती २०२० पर्यंत ३७,००० मेगावॉटच्या पुढे गेली. त्याच काळात कर्जाखाली दबलेल्या सुझलॉन या पवनचक्क्या बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीचा शेअर चारशे रुपयांच्या वरून दोन-तीन रुपयांवर आला. पवनऊर्जा वाढेल हा गुंतवणूकदारांचा अंदाज अचूक ठरला, आणि तरीही त्यांचे पैसे बुडाले. सौर पॅनेल स्वस्त होणे ही पृथ्वीच्या दृष्टीने आनंदाची बातमी असली, तरी पॅनेल बनवणाऱ्याच्या नफ्याच्या ती मुळावर येऊ शकते. (काही महिन्यांत भरायची फी शेअर बाजारात ठेवू नये, हे सांगायला खरे तर करिअर समुपदेशक लागू नये.)

आता आपण तक्रार म्हणून लिहिलेला प्रसंग पाहू. सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा आपल्या मुलीने लिफ्ट आणि पंपाची वर्षभराची महावितरणची बिले मागवून तक्ता केला, शेजारच्या टॉवरची सावली दुपारी तीननंतर गच्चीवर पडते हे कंत्राटदाराने धरलेच नसल्याचे दाखवले, आणि कमिटीपुढे वाद घातला. आपल्याला हा आगाऊपणा वाटला. मला मात्र ऊर्जेचे अर्थकारण उपजत कळणारी मुलगी दिसली, आणि आपण तिला नेमके त्यापासूनच दूर नेत आहात.

तापमानवाढीच्या चिंतेने पैशाच्या जगातही नवी कामे निर्माण केली आहेत. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा अहवाल बंधनकारक केला आहे. केंद्र सरकारचे पहिले हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक प्रकल्पांसाठी कर्ज उभारणारे रोखे, रिझर्व्ह बँकेमार्फत जानेवारी २०२३ मध्ये विकले गेले. आयात पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमच्या उत्पादनात किती कार्बन बाहेर पडला, याचा हिशेब युरोपीय संघ मागू लागला आहे. हे आकडे तपासायला अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र जाणणारी माणसे लागतात.

तेव्हा तिने अर्थशास्त्रच घ्यावे, सोबत संख्याशास्त्र जरूर घ्यावे. मुंबई विद्यापीठाची महाविद्यालये आहेत, पुण्याची गोखले संस्थाही पाहावी. तिचे मन बदलून अभियांत्रिकीच ठरली, तर अक्षय ऊर्जेच्या अरुंद पदवीपेक्षा विद्युत शाखा बरी. फीपुरती रक्कम आधी बाजारातून काढून बँकेत ठेवा. यापुढचे पत्र मात्र आपण लिहू नये, तिला लिहू द्यावे, आणि तिने सोबत तो तक्ताही जोडावा.